पुलापलीकडचा बंब

शिरसमाळच्या नगरपंचायतीनं आग विझवायचं काम टाकेवणला देऊन टाकलं, ही बातमी उज्वलाला घंटागाडीच्या भोंग्यावरून कळली. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा असं नेहमीचं पठण संपलं आणि भोंगा सांगू लागला, की शहरासाठी टाकेवण नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राशी करार झाला आहे, आग लागल्यास नागरिकांनी त्यांना फोन करावा.

उज्वला त्या वेळी पुठ्ठ्याच्या खोक्यांना पिना मारत होती. तिनं मशीनवरचा पाय उचलला.

"मंगलाबाई, काय म्हणाला तो? टाकेवण?"

"टाकेवणच म्हणाला," मंगलाबाई म्हणाली. ती पेठ तालुक्यातली. द्राक्षाच्या हंगामात दरवर्षी यायची, चार महिने खोकी घडी करायची आणि परत जायची. इथल्या भानगडींशी तिचा संबंध नव्हता, पण उज्वलाच्या तोंडून टाकेवणचं नाव कधी चांगल्या कामासाठी निघत नाही एवढं तिला ठाऊक होतं.

पिंपळगाव बसवंतच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की शिरसमाळ लागतं. पुढे नदी, नदीवर पूल, आणि पुलापलीकडे टाकेवण. टाकेवणची नगरपरिषद जुनी, श्रीमंत. तिच्याकडे दोन बंब. शिरसमाळ कालपरवापर्यंत ग्रामपंचायत होती. तिच्याकडे पाण्याचा एक टँकर आणि तोही लग्नसराईत भाड्यानं जाणारा. तेव्हा हा करार व्हायला पाहिजेच होता, असं कोणीही म्हणालं असतं. उज्वला म्हणणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती नगरपंचायतीत गेली. मुख्याधिकारी वयानं लहान होते, नाशिकहून बदलून आलेले.

"आपला स्वतःचा बंब का नाय घेतला?" तिनं विचारलं.

"बंब घेतला की केंद्र बांधायचं, माणसं भरायची, त्यांना प्रशिक्षण द्यायचं. आपल्याला झेपणार नाही, ताई. टाकेवणचं सगळं तयार आहे. आपण वर्षाला ठरलेली रक्कम देऊ, ते येतील."

"येतील कशावरून?"

"करार आहे ना."

"पूल ओलांडतील?"

साहेब हसले. पुलाच्या पलीकडूनच यायचं तर पूल ओलांडावाच लागणार. दारात उभा असलेला शिपाईही हसला, पण तो गावातला होता. त्याला प्रश्न कळला होता.

उज्वलाची लेक सातवीत होती तेव्हाची गोष्ट. मार्च महिना, माल जोरात, गोदाम खोक्यांनी छतापर्यंत भरलेलं. दुपारी आग लागली. पुठ्ठा तो, त्याला पेटायला किती वेळ. टाकेवणला फोन गेला, "निघालो" असं उत्तर आलं. तिचा नवरा भिकन तेवढ्यात पिना मारायचं मशीन ओढून काढायला आत शिरला. मशीन निघालं, पण त्याचे दोन्ही हात भाजले. बंब आला तेव्हा नुसते पत्रे उरले होते, वाकलेले. बंबावरच्या लोकांनी सांगितलं की वाटेत पंप बिघडला.

भिकनला नाशिकच्या दवाखान्यात कितीतरी दिवस ठेवावं लागलं. हात वाचले, बोटं आखडली. पुढे त्याला कपाचा कान धरता येईना, शर्टाची गुंडी लावता येईना. धंदा उज्वलानं उभा केला, त्याच वाचवलेल्या मशीनवर.

पंपाची गोष्ट मात्र तिला कधीच पटली नाही. त्या दिवशी त्या धुरात, रडारडीत तिचं लक्ष एका गोष्टीकडे गेलं होतं. बंबाचा चालक खाली उतरेना. तो स्टिअरिंगला धरून बसला होता आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं की मान फिरवत होता. पंप बिघडलेला माणूस शिव्या देतो, बॉनेट उघडतो, कोणावर तरी खेकसतो. हा असा का बसलाय?

ती हे लोकांना सांगायची, ते मुद्दाम पलीकडे थांबले म्हणायची. लोक आधी ऐकायचे, मग ऐकून सोडून द्यायचे. हळूहळू गावात तिचं नाव झालं, की बाई संशयी आहे. दुधात पाणी, वजनात काटा मारणं, पावतीवर तारीख खोटी, सगळीकडे हिला काहीतरी दिसतं. भिकनही म्हणायचा, "तुला सगळीकडे साप दिसत्यात." तिनं टाकेवणच्या बाजारात पाऊल टाकणं सोडलं. लेकीला तिथलं चांगलं स्थळ आलं होतं, तेही चौकशी न करता परत पाठवलं.

आणि आता त्याच लोकांच्या हातात गावाची आग.

करारात गोदामांची तपासणी होती. महिन्याभरात टाकेवणची जीप दारात उभी राहिली. एक तरुण अधिकारी उतरला, मयुरेश नावाचा, इस्त्रीच्या गणवेशातला. गाडी चालवणारा मागून उतरला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. पण त्यानं तिच्याकडे पाहून जी मान फिरवली ती उज्वलानं ओळखली.

"कुलूप हाय," ती म्हणाली. "किल्ली मालकांकडे असती."

भिकन दाराशी खुर्ची टाकून बसला होता. "किल्ली तुझ्या कमरेला हाय," तो शांतपणे म्हणाला.

उज्वलानं कुलूप काढलं. "साहेबांनी या. हे नाय यायचे," तिनं चालकाकडे न बघता सांगितलं.

मयुरेश गोंधळला, पण चालक म्हणाला, "जा साहेब तुम्ही. मी इथंच हाय."

आत मयुरेश रांगा मोजत होता, वायरींचे फोटो घेत होता, आणि उज्वलाचं सगळं चित्त खिडकीबाहेर होतं. भिकननं मंगलाबाईला चहा करायला सांगितला. चहा आला. त्या चालकानं कोणी न सांगता भिकनचा चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्या दोन्ही तळहातांत नीट ठेवली. भिकनच्या हातांना काय जमतं नि काय जमत नाही, हे परक्या माणसाला पहिल्या भेटीत कळत नाही. पाहुणेसुद्धा कप पुढे करून मग ओशाळतात. हा ओशाळला नाही. दोघं हळू आवाजात बोलत होते आणि भिकन मान डोलवत होता.

आजवर उज्वलाचा संशय पुलापलीकडे होता. आज तो दारातल्या खुर्चीवर येऊन बसला.

जीप गेल्यावर तिनं विचारलं, "कोण होता तो?"

"गेणू. ड्रायव्हर हाय."

"तुमची कुठली ओळख?"

"आता बोललो ना दोन शब्द."

"दोन शब्दांत त्याला बशी कळली?"

भिकन उठला आणि घरात गेला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी खोटं बोलला होता की नाही हे तिला सांगता आलं नसतं, पण तो खोटं बोलायच्या ऐवजी उठून जातो हे तिला पक्कं माहीत होतं.

दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तिला एकेक आठवत गेलं. नाशिकच्या दवाखान्यात ती डबा घेऊन गेली होती तेव्हा जिन्यात एक माणूस तिला पाहून भिंतीकडे सरकला होता. "कोण आलं होतं?" असं तिनं विचारलं, तर भिकन म्हणाला होता, "आत्याच्या गावाकडचा एक जण." आत्याचं गाव सटाण्याकडे. तिकडचा माणूस आला असता तर तिला भेटल्याशिवाय, आत्याचा निरोप दिल्याशिवाय गेला नसता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मशीन मंगलाबाईच्या ताब्यात दिलं, रिक्षा केली आणि पूल ओलांडला.

अग्निशमन केंद्राच्या अंगणात गेणू बंब धूत होता. तिला पाहून त्यानं नळ बंद केला. पळाला नाही. आत जाऊन एक स्टूल आणलं, ते तिच्यापुढे ठेवलं आणि स्वतः बंबाच्या पायरीवर बसला.

"त्या दिवशी पंप बिघडला होता का?" तिनं सरळच विचारलं.

"नाय वहिनी."

ती स्टुलावर बसली.

"आम्ही पुलावर उभे होतो," गेणू म्हणाला. "निघालो तेव्हा सायरन वाजवतच निघालो. पुलावर चढलो अन् आमच्या साहेबांचा फोन आला. हद्द सोडायची नाय. शिरसमाळशी लेखी काही नाय, उद्या इकडं काही पेटलं तर जाब कोण देणार, गाडीला काही झालं तर भरपाई कोण देणार. मी म्हणालो, साहेब, धूर दिसतोय. ते म्हणाले, दिसू दे, थांब. मग तुमच्या गावातल्या कोणीतरी वरच्यांना फोन लावला, तिथून साहेबांना फोन आला, अन् मग जा म्हणाले. तोवर झालं होतं सगळं."

"किती वेळ उभे होता?"

"लय वेळ. इंजिन चालूच होतं."

"आणि पंप?"

"तसं सांगायचं ठरलं. मी काही बोललो नाय, पण नाय म्हणालो असंही नाय. नोकरी नवी होती." तो फरशीवरच्या पाण्याकडे बघत होता. "दवाखान्यात दोन-तीनदा गेलो होतो मी, बशीत ओतून चहा दिला होता. भिकनभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, माझ्या बायकोला कळू देऊ नको."

उज्वला उठली. तिला वाटलं होतं, हे कधीतरी ऐकायला मिळालं तर आपण या माणसाच्या अंगावर धावून जाऊ. पण तिला त्याचा रागच आला नाही. राग सगळा पुलाच्या दुसऱ्या बाजूला, घराकडे ओढ घेत होता.

भिकन ओसरीवर होता. ती समोर उभी राहिली.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

त्यानं मान हलवली.

"मी सांगत होते तेव्हा गाव हसत होतं. तुम्हीही हसायचे. साप दिसत्यात म्हणायचे."

"मग काय करायचं होतं?" भिकन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "माझे हात असे झालेले. पोरगी शाळेत. धंदा तुला उभा करायचा होता. तुला सांगितलं असतं तर तू मशीनवर बसली असतीस का? तू पुलावर जाऊन बसली असतीस. कोर्टात गेली असतीस. आपण दोघंही त्यातच संपलो असतो."

"ते मी ठरवलं असतं."

"हां," तो म्हणाला. "ते तू ठरवायला पाहिजे होतं."

"मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं फिरलंय," उज्वला म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसली. भिकननं आपला आखडलेला हात तिच्या खांद्यावर ठेवला. तिनं तो काढला नाही, पण त्या रात्री जेवण वाढताना ती त्याच्याशी बोलली नाही. पुढे आठवडाभर बोलली नाही.

माघ महिन्यात बाजार समितीजवळच्या, माल भरायच्या प्लास्टिक कॅरेटच्या शेडला आग लागली. दिवसाढवळ्या, अकराच्या सुमाराला. प्लास्टिकचा काळा धूर गावावर आला आणि लोक शेडकडे धावले. उज्वलानं टाकेवणला फोन लावला. "निघालो," असं उत्तर आलं. अगदी तोच शब्द.

ती शेडकडे गेली नाही. ती उलट दिशेला निघाली, चपला हातात घेऊन, धापा टाकत. पुलाच्या अलीकडच्या टोकाला कठड्याला टेकून उभी राहिली. कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं की बंब पुलावर थांबला तर ती काय करणार होती. बंबापुढे आडवी पडणार होती की दगड मारणार होती.

सायरन ऐकू आला. पलीकडच्या वळणावर लाल रंग दिसला, पुलावर चढला. पुलाच्या मध्यावर समोरून उसाची ट्रॉली येत होती आणि बंब मंदावला. ट्रॉली कठड्याला घासून उभी राहिली, बंब तिच्या शेजारून सरकला आणि वेग घेऊन उज्वलाच्या समोरून गेला. गेणूनं तिला पाहिलं की नाही कोणास ठाऊक. त्याची नजर रस्त्यावर होती.

अर्धी शेड वाचली. शेजारचं कांद्याचं गोदाम पूर्ण वाचलं. माणूस कोणी भाजला नाही. दुपारी लोक टाकेवणच्या पोरांना हार घालायला निघाले तेव्हा उज्वला म्हणाली, "हार कशाला? त्यांचं कामच हाय ते." आणि खोक्यांना पिना मारायला बसली.

पुढच्या तपासणीला गेणू आत आला. त्यानं फिरून सगळं पाहिलं आणि म्हणाला, "मीटरजवळची थप्पी काढा, वहिनी. भिंतीपासून माणूस जाईल एवढी जागा सोडा."

"मागच्या टायमाला साहेब असं काही बोलले नव्हते."

"बोलले असतील. तुमचं लक्ष खिडकीबाहेर होतं."

भिकन दारातून हसला. उज्वला हसली नाही. पण गेणू गेल्यावर तिनं थप्पी काढायला लावली.

सोमवारी ती पुन्हा मुख्याधिकाऱ्यांपुढे उभी होती.

"करार मार्चला संपतो म्हणं."

"हो. पुढचा होईल."

"कधी?"

"होईल हो ताई. सभेत विषय घेऊ."

"आणि मार्च संपून ठराव व्हायच्या मधल्या दिवसांत काही पेटलं तर? पुलावर थांबतील की येतील?"

हा प्रश्न साहेबांना आजवर कोणी विचारला नव्हता. दारातला शिपाई या वेळी हसला नाही.

"बघावं लागेल," साहेब म्हणाले.

"बघा," उज्वला म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "मला घाई नाय."