बॅटरीची ओटी

देवी आपलं ऐकते की नाही, ही शंका मला आयुष्यात एकदाच आली, आणि तीही गाडीतल्या एका लाल दिव्यामुळे.

आम्ही डहाणू रोडला, मसोलीत राहतो. २०१४ साली यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा वापीला डायलिसिससाठी जाणं सुरू झालं. एस.टी.त यांना चक्कर यायची, म्हणून मी जुनी हायब्रिड गाडी घेतली, पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी. घेतली तेव्हाच ती दीड लाख किलोमीटर फिरलेली होती. माझा भाऊ म्हणाला, एवढी पळालेली गाडी, त्यात बॅटरीची, हा पांढरा हत्ती कशाला पोसतेस. मला कुणी नको म्हटलं की तेच करावंसं वाटतं. पण गाडीने माझा शब्द राखला. तीन वर्षं लिटरला अठरा-एकोणीस किलोमीटर देत ती कुरकुर न करता धावली. चारोटी नाक्यावरच्या गर्दीत तर तिचं इंजिन गप्प बसायचं आणि नुसत्या बॅटरीवर ती पुढे सरकायची. हे म्हणायचे, ही तुझ्यासारखी नाही, गरज नसताना बोलत नाही.

आशागडवरून चारोटी, तिथून महामार्गाने तलासरी आणि पुढे वापी, असा आमचा रस्ता. वाटेत महालक्ष्मीचं देऊळ लागतं. दर मंगळवारी जाताना मी तिथे थांबून देवीची ओटी भरायचे आणि प्रसाद म्हणून मिळालेला खण, तांदूळ, फूल गाडीत ठेवायचे. २०१७च्या फाल्गुनात पहिल्यांदा बॅटरीचा लाल दिवा लागला आणि थोड्या वेळाने विझला. मला गाडी विकणाऱ्याचे शब्द आठवले. मागच्या सीटशेजारची जाळी दाखवून तो म्हणाला होता, "बाई, हिच्या आत बॅटरी आहे. जाळीला जपा, आत धूळ जाऊ देऊ नका." आमच्या घरी जपायचं म्हणजे झाकायचं. लोणचं, देव, नवा मिक्सर, सगळं आम्ही फडक्याखाली जपतो. म्हणून मी देवीचा खण त्या जाळीवर पसरला, कडा नीट आत खोचल्या आणि वर चार अक्षता टाकल्या. धूळही जाणार नाही आणि देवीचा हातही राहील, अशी माझी समजूत.

दिवा मात्र वारंवार लागू लागला. प्रत्येक वेळी मी आणखी एक खण चढवला, वर ओटीतले तांदूळही टाकले. गाडीचं अॅव्हरेज बारावर आलं. डहाणूतल्या मेकॅनिकने स्टिअरिंगपुढचा लाल दिवा तेवढा पाहिला, मागचं दार उघडलंच नाही, आणि सांगितलं, बॅटरी संपली, नवी टाकण्यापेक्षा गाडी भंगारात द्या. पुढच्या शनिवारी आशागडलाच दिवा लागला आणि मी घाबरून गाडी घरी वळवली. यांची डायलिसिसची एक पाळी चुकली. पुढचे दोन दिवस यांना आडवं होता येईना. अंगात पाणी साठून धाप लागत होती, आणि आणखी एक पाळी चुकली तर काय, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं.

मंगळवारी चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा भरलेली. भाड्याच्या साऱ्या गाड्या तिकडे गेलेल्या, त्यामुळे आमचीच काढावी लागली. त्या दिवशी मी देवळात थांबले नाही. देऊळ मागे पडलं, तलासरी अजून लांब होती, आणि दिवा लागला. गाडीचा जोर गेला. कडेला घेऊन मी खाली उतरले आणि सरळ देवळाच्या दिशेने तोंड करून भांडले. इतके खण दिले तुला, एक दिवा विझवता येत नाही? मागे हे डोळे मिटून श्वास ओढत होते. मला रडू फुटलं.

तेवढ्यात एक बाई जवळ आली. जत्रेत सुके बोंबील विकून उरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती तलासरीच्या बाजाराला निघाली होती. आम्ही बंद पडलोय हे न विचारताच तिने ओळखलं. यांना वारा मिळावा म्हणून तिने मागचं दार उघडलं, तशी ती खणांच्या चळतीकडे बघत राहिली. आतून पंख्याची बारीक घरघर येत होती. तिने खणावर तळहात ठेवला.

"बाय, हिचं नाक कशाला बांधलंस?" ती म्हणाली. "कापड कसं आत ओढतंय बघ. आमच्या बोटीच्या मशीनला हवा नाय गेली तर ती पण अशीच तापते."

मी बावीस वर्षं शाळेत मुलांना श्वसनसंस्था शिकवली. तरी ती जाळी गाडीचं नाक असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी सगळे खण काढले. सात निघाले. चारी दारं उघडी टाकून आम्ही थांबलो, मग मी एसी लावून गाडी सुरू केली. दिवा तसाच होता, पण गाडीने हळूहळू जोर धरला. बाईला तलासरीला उतरवलं. पैसे तिने घेतले नाहीत, उलट मूठभर बोंबील देऊ केले. यांना मीठ वर्ज्य, तरी त्या धापेतही यांची नजर मुठीवरच होती. वापी येण्याआधी दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी वापीच्या एका मेकॅनिकने पंखा उघडला. आत अडीच-तीन वर्षांची धूळ, खणांचे दोरे आणि चांगले ओंजळभर तांदूळ. बॅटरी ठणठणीत होती. गाडी आज, २०१९ संपताना, पावणेतीन लाखांच्या पुढे गेली आहे आणि पुन्हा अठरा देते आहे. ती बाई कोण होती, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. त्यानंतर ती मला दिसली नाही, एवढं खरं. देवीने माझं ऐकलं, फक्त मी सांगितलं तसं केलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच मंगळवारचं. इतकी वर्षं डायलिसिस चालू असताना मी काचेच्या दाराशी उभी राहायचे. मशीनचे आकडे वाचायचे, नर्सना दटावायचे. घरी यांचा पाण्याचा एकेक घोट मोजायचे. त्या दुपारी दाराशी उभी राहिले आणि वाटलं, माझ्या काळजीखाली हा माणूसही असाच गुदमरत असेल. काळजी देवीवर सोपवली असं म्हणायचं आणि हात मात्र काढायचा नाही, ही कसली शरणागती. मनातल्या मनात मी म्हटलं, आई, आता तू बघ. आणि बाकावर जाऊन बसले.

चार तासांनी कुणीतरी खांद्याला हात लावला. हे समोर उभे होते, स्वतःच्या पायांनी चालत आलेले, श्वास संथ.

"केव्हाचा उभा आहे," हे म्हणाले. "इतकी गाढ झोपली होतीस, उठवावंसंच वाटेना."