लोहचुंबकाची अंगठी

नानासो माणूस मोठा संशयी. हा संशय आपल्याला पलटणीने शिकवला असं तो सांगायचा. त्याची बायको बाळाबाई म्हणायची, कसली पलटण आणि कसलं काय, पाटणच्या बाजारात साधं गाडगं घेतानासुद्धा हा माणूस कुंभार वैतागेपर्यंत टिचक्या मारत बसायचा. पलटणीतून सुटल्यावर त्याने स्वतःच्या नावावर बाराबोरची दुनळी बंदूक घेतली आणि तिच्या जोरावर सांगलीत धरणेंद्रअण्णांच्या हळदीच्या गोदामावर राखणदार म्हणून लागला. बाळाबाई त्याच गोदामाच्या पडवीत बायकांच्या रांगेत हळद निवडायला बसायची. दोघांची पोटं त्या एका दारावर होती.

अण्णा जैन. पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारा माणूस. आपल्या दारात बंदूक उभी आहे याचा त्यांना कायम घोर असायचा. पण पेठेत दोन दुकानं फुटली होती, तेव्हा बंदूक नको असंही म्हणवेना. अशात एकदा नानासो जेवायला बसलेला असताना धुळा हमालाने भिंतीला टेकवलेली दुनळी गमतीत उचलली, खांद्याला लावली आणि तोंडाने ठो केलं. नेमकं ते अण्णांच्या पत्नी विजयमालाबाईंनी पाहिलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. बंदूक राहील नाहीतर मी राहीन, असं त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं.

मग अण्णांनी शिरवळहून भाच्याला बोलावलं. आर्जव तिथल्या एका कारखान्यात इंजिनियर होता आणि डोकं त्याचं भारी चालायचं. परदेशातल्या मासिकात वाचून त्याने एक कुलूप घडवलं आणि ते दुनळीच्या चापाला आतून बसवलं. त्याची किल्ली म्हणजे एक अंगठी. अंगठीला लोहचुंबकाचा तुकडा जोडलेला. तो तळहाताच्या बाजूला ठेवून बंदुकीची मूठ आवळली की कुलूप सुटायचं, चाप मोकळा व्हायचा. अंगठी नसलेल्या हातात मात्र बंदूक नुसती काठी. अंगठी नानासोच्या बोटाच्या मापाची केली होती.

हरिपूरच्या वाटेवर मोकळ्या रानात सगळ्यांसमोर चाचणी झाली. धुळाने जीव खाऊन चाप ओढला, हलला नाही. नानासोने दहा वेळा ओढला, दर वेळी बार निघाला. अण्णा कानावर हात ठेवून लांब उभे होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू होतं. सगळे खूश झाले आणि नानासो तेवढा नकाराने मान हलवत राहिला.

"हितं हरिपुरात हळदीच्या जमिनीतल्या पेवात उतरायच्या आदी कंदील सोडत्यात," तो आर्जवला म्हणाला. "आत हवा वाईट असली की इझतो. पर काल जळला म्हनून आज कोन तसाच उतरत न्हाई. रोज सोडावा लागतो. तुमचं कुलूप धा येळा सुटलं, कबूल. अकराव्यांदा सुटंल कशावरनं?"

आर्जव रागावला नाही. तो म्हणाला, "मग एसटीत तरी कसे बसता, नानासो? ब्रेक अकराव्यांदा लागेल कशावरून?" सगळे हसले. खरं सांगायचं तर बोलणं चोख होतं. तेव्हापासून पेठेत तो दिसला की हमाल विचारायचे, काय नानासो, सुटलं का अकराव्यांदा? तो कुरकुरत राहिला. स्क्रू ढिला होईल म्हणाला, हळदीची पूड आत जाईल म्हणाला, पावसाळ्यात गंजेल म्हणाला. शेवटी अण्णांनी एक दिवस शांतपणे सांगितलं की बंदूक कुलपासकटच दारात राहील, पटत नसेल तर घरी न्यावी आणि स्वतःही घरी बसावं. नानासोने अंगठी बोटात चढवली आणि दारात जाऊन उभा राहिला.

त्या पावसाळ्यानंतर त्याला कावीळ झाली. हळदीच्या पेठेत कावीळ, म्हणजे लोकांना आयतंच हसायला निमित्त. बरा होऊन आला तेव्हा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. सदरे बाळाबाईने शिवणीतून आत घेतले, त्यामुळे बाहेर फारसं कळलं नाही. कळू द्यायचंही नव्हतं. मिरजेकडचा एक धडधाकट गडी या जागेसाठी अण्णांकडे दोनदा येऊन गेला होता. पण बोटंही वाळली होती, आणि अंगठी हात खाली सोडला की गळून पडायला लागली. सैल अंगठीला आपल्याकडे काय करतात? दोरा गुंडाळतात. बाळाबाईने पांढरा दोरा घट्ट गुंडाळून दिला आणि अंगठी बोटात राहिली.

राहिली, पण घामाने गोल फिरायची. चुंबक कधी तळहाताकडे, तर कधी बोटाच्या पाठीवर. नानासोला हे माहीत होतं. आठवण झाली की तो अंगठ्याने ती सरळ करायचा. ज्या माणसाने त्या कुलपाच्या एकेका स्क्रूवर संशय घेतला, त्याने आपल्या बोटाबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर हात कृश झाला हे उघड झालं असतं, आणि मिरजेचा गडी दारात उभाच होता.

चैत्रातल्या भर दुपारी बोळातून लाळ गाळत पिसाळलेलं कुत्रं आत आलं. पडवीतल्या बायका उठून भिंतीकडे पळाल्या. बाळाबाईचं पाऊल हळदीच्या ढिगात रुतलं आणि ती आडवी पडली. नानासो दारातच होता. त्याने दुनळी खांद्याला लावली, नेम धरला. पलटणीत वर्षं काढलेल्या माणसाला एवढ्या जवळून चुकायचं कारण नव्हतं. त्याने चाप ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. दुसऱ्या नळीचा ओढला. तोवर कुत्र्याने बाळाबाईचा गाल धरला होता. नानासो धावला आणि बंदुकीच्या दस्त्याने ते जनावर मरेपर्यंत मारत राहिला, मेल्यावरही मारत राहिला. धुळाने त्याला ओढून बाजूला केलं तेव्हा त्याचं लक्ष हाताकडे गेलं. चुंबक बोटाच्या पाठीवर होता.

सिव्हिलमध्ये लगेच जखम धुतली, पोटात इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर भले होते, धीर देत म्हणाले की वेळेवर आणलंत, बहुतेक काही होणार नाही. पण चावा तोंडावर आहे, काही महिने लक्ष ठेवा. रोग उठला तर माणसाला पाण्याची भीती वाटते, घोट गिळता येत नाही, आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. नानासोने त्यातलं फक्त शेवटचं ऐकलं.

आर्जव धावत आला. त्याने बंदूक रानात नेली, आपल्याजवळचा चुंबक हातात धरून स्वतः बार काढून पाहिले, सगळे निघाले. "कुलूप बरोबर आहे," असं सांगताना त्याचाच चेहरा पडला होता. मग त्याने अंगठी मागितली, आणि नानासोने मळलेल्या दोऱ्यासकट ती त्याच्या हातावर ठेवली.

"हे कधीपासून?"

"काविळीपासनं."

"अरे, सांगायचं होतंस की मला," अण्णा म्हणाले.

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं का, अण्णा?"

बंदूक नानासोने चौकीत जमा केली, काम सोडलं आणि बायकोला घेऊन पाटणजवळच्या गावी आला.

तिथे त्याचं एकच काम उरलं. सकाळी उठलं की पेला भरून बाळाबाईपुढे धरायचा आणि तिच्या गळ्याकडे बघत बसायचं. घोट उतरला की तो श्वास सोडायचा. मग दुपारी पुन्हा पेला, दिवेलागणीला पुन्हा. शेजारणी हसायच्या, बायकोची एवढी सेवा म्हणायच्या. बाळाबाई दर वेळी प्यायची. गालावरचा व्रण भरत आला, आंब्याचे दिवस सरले, आणि तो पेला घेऊन येतच राहिला.

एका सकाळी तिने पेला हाताने बाजूला सारला. नानासो तिथेच भिंतीला धरून खाली बसला.

"आवं, तहान न्हाई मला," ती म्हणाली. "रोज तहान नसताना पिती मी. तुमच्यासाठी."

"एक घोट घे. तुज्या पाया पडतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पेला उचलला, घटाघटा सगळं पाणी प्यायली आणि रिकामा पेला त्याच्यासमोर पालथा करून दाखवला.

"बघा. पटलं?"

पटलं म्हणावं असं त्याच्या फार मनात होतं. पण इंजिनियरला सगळ्यांदेखत विचारलेला अकराव्या वेळेचा प्रश्न आता त्याच्याच पुढे येऊन उभा होता, आणि आर्जवसारखं हसून त्याला उत्तर द्यायला तिथे कुणी नव्हतं.

"आज पटलं," तो म्हणाला.

कुत्र्याने गाल फाडला तेव्हा बाळाबाई रडली नव्हती, पोटात सुया घेताना रडली नव्हती. ती आता रडली.