वहिनींची पांढरी बोटं

आमच्या वहिनी परदेशीपुऱ्यात ब्लाउज शिवतात. शिक्षण आठवीपर्यंत. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरी जे त्यांना सुचलं ते मला सुचलं नाही.

पिशवीचं ऑपरेशन झाल्यावर त्यांच्या अंगातून वाफा निघायच्या. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, वाफा थांबल्या. पण त्याच हिवाळ्यात एका सकाळी नळाखाली हात धरले आणि चार बोटं खडूसारखी पांढरी पडली. मग निळी, मग लालबुंद. सुई टोचली तरी कळेना.

दादा म्हणाला, "वहम आहे तुझा. त्याच पाण्याने मीपण तोंड धुतलं. मला तो कुछ नहीं हुआ."

वहिनी वाद घालत बसल्या नाहीत. मापाच्या वहीत मागच्या पानांवर लिहायला लागल्या: कुठलं बोट, पाणी की वारा, किती वेळ. महिन्याभराने मला म्हणाल्या, "भावजी, इतके हिवाळे काढले, असं कधी झालं नाही. नवीन आहे ती फक्त गोळी. चला दवाखान्यात."

दादाही आला. डॉक्टरीणबाईंनी ती पानं सावकाश वाचली.

"गारठ्यात रक्ताच्या नसा सगळ्यांच्याच आकसतात," त्या म्हणाल्या. "पण गोळीतलं एस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या अंगातलंच हार्मोन, त्यांना जास्त हळवं करत असावं. हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो, तो बहुतेक म्हणूनही. गोळीनेच झालं असं छातीठोक नाही सांगता येत, पण तुमचा शक बरोबर वाटतो."

रक्त तपासलं, दुसरं काही निघालं नाही. मग त्या म्हणाल्या, "गोळी कमी केली तर वाफा परत येतील. चालेल?"

"वाफांना पंखा आहे, डॉक्टरजी. बोटं दुसरी कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी दादाने मोरीत गिझर बसवून घेतला.

वाफा थोड्याफार आल्या. बोटं मात्र यंदाच्या थंडीत दोनदाच पांढरी झाली. परवा ब्लाउज टाकायला आलेल्या एका बाईने आपले निळसर हात दाखवले. वहिनींनी मशीन थांबवली, ते हात आपल्या हातांत धरून ठेवले आणि म्हणाल्या, "वहम नाहीये हा. पण मनाने कुठली गोळी सोडू नका हं. आधी दाखवून या."