ताणकाट्याचं दुसरं टोक

भुताला न घाबरणारा माझ्या मावसदिरांसारखा माणूस आमच्या अख्ख्या पिस्कॅटवे गावात दुसरा नसेल. भूत भेटलंच, तर ते किती जोरानं ओढतं एवढंच त्यांना मोजायचं होतं! हायस्कुलात फिजिक्स शिकवायचे. खिशात रुमाल नसला तरी चालेल, ताणकाटा हवाच. बघितलाय ना तुम्ही, वर कडी, खाली हूक, मधे स्प्रिंग आणि काटा? आमच्याकडे जेवायला आले की आधी फ्रिजच्या दाराला तो अडकवून ओढायचे. "वहिनी, तीन किलोचा जोर लागतोय. तुम्ही म्हातारपणी उपाशी राहाल." एकदा माझ्या नव्या भिंतीवर खडूनं हा एवढा बाण काढला. का, तर जोराला दिशा असते! "भावजी, पुसा आधी," मी म्हटलं, "माझ्या जोराला पण दिशा आहे." जाऊबाईंशी वाजलं की म्हणायचे, "जोर एकट्याचा नसतोच. ती मला जेवढं ओढते, तेवढंच मी तिला." त्यावर जाऊबाई म्हणायच्या, "मग कचऱ्याची पिशवी मी एकटीच कशी ओढते हो?"

रोज दुपारी चारला जाऊबाई कपडे धुवायला बेसमेंटमध्ये उतरायच्या आणि दार मागे ओढून घ्यायच्या. एका हिवाळ्यात त्या वारल्या. चारला दार ओढलं जायचं काही थांबलं नाही.

लेक हर्नडनहून आली. "बाबा, इट्स जस्ट अ ड्राफ्ट. घर विकू या, माझ्याकडे चला," म्हणाली आणि वारा अडवायला खिडक्यांच्या फटींना टेप लावून गेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बेसमेंटच्या दारापाशी चहा घेऊन उभी होते. भावजींनी दाराच्या मुठीला हूक अडकवला, कडी हातात धरली. चार वाजले. दार आत जाऊ लागलं, काटा दोन किलोवर थांबला. माझ्या कपातली वाफ मात्र सरळ वर जात होती.

"भावजी, ओढतंय कोण?"

"काट्याला ते कळत नाही, वहिनी. मी ओढलं काय, तिनं ओढलं काय, तो सारखंच दाखवतो." मग अगदी हळू म्हणाले, "म्हणून तर जाववत नाही. मी सोडलं, की पलीकडचंही शून्य. नियमच आहे तो."

पण लेकीचे दिवस भरत आले होते; ओढ तिकडूनही होतीच. निघाले त्या दिवशी गाडीत बसता बसता परत वळले आणि ताणकाटा माझ्या हातात दिला. इतकी वर्षं मला शिकवणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. "वहिनी, तुम्ही एक टोक धराल?"

आता तो माझ्या बेसमेंटच्या दाराला असतो. चार वाजले की कडीत बोट घालते आणि जरासं ओढते, जावेला एकटं वाटायला नको म्हणून. काटा सरकतो, दोन किलोवर थांबतो. माझ्या या बोटात तेवढा जोर उरलेला नाही, हे मला ठाऊक आहे.