कस्तुराअक्काची मुसळी

मी जळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि स्वतःला फार शहाणी समजते. म्हणजे समजायचे. कस्तुराअक्काने ते खूळ उतरवलं.

अक्का यावलच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर राहते. साठी उलटली आहे. आसपासच्या पाड्यांवरच्या बाळंतिणींना सफेद मुसळी देणारी ती एकटीच. मुसळी म्हणजे वर गवतासारखा पाला आणि जमिनीत पांढऱ्या मुळ्यांचा झुपका. दिवाळीपर्यंत पाला वाळून नाहीसा होतो, मग नुसती माती दिसते. त्या मातीत नेमकं कुठे खणायचं ते फक्त अक्काला ठाऊक. मुळ्या घ्यायच्या आणि वरचा कोंब फुटणारा डोळा त्याच खड्ड्यात परत पुरायचा, हा तिच्या सासूपासूनचा नेम. म्हणून तर पाड्यामागच्या टेकडीवरची तिची मुसळी टिकली होती.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात मी तिथे गेले आणि मुसळीच्या एकशे चाळीस रोपांशेजारी नंबर घातलेल्या पत्र्याच्या पट्ट्या रोवल्या. संवर्धन म्हणे! अक्का म्हणाली, "बाई, चोरले कसाले वाट दखाडस?"

मी हसले. "तुम्हाला नाही कळायचं अक्का," असंही म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी!

कार्तिकात तिच्या सुनेचा, ममताचा फोन आला. धावत गेले. प्रत्येक पट्टीशेजारी एक खड्डा. एकही चुकला नव्हता. कोण कुठले लोक पोती भरून मुळ्या घेऊन गेले होते. मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. चोरांनी मुळ्या तोडून डोळे इकडेतिकडे फेकले होते, ते अक्का वाकून पदरात वेचत होती.

"रडाले टाइम नही. ऊठ, येच."

दोघींनी वेचले त्यांतले सत्तावीस डोळे जिवंत निघाले. पाऊस लागेपर्यंत तिने ते राखेत घोळून मडक्यात ठेवले, मग परसात लावले. आणि मला हुकूम केला की बठ्ठ्या पट्ट्या उपटून आण. त्या तिने नाल्यापलीकडे, घाणेरीच्या रानात रोवायला लावल्या. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस.

"अहो अक्का, इथे तर मुसळीचं नावही नाही."

"माले ठाऊक शे," ती म्हणाली.

पुढच्या कार्तिकात चोर पुन्हा आले. नंबर बघून बघून त्यांनी घाणेरी मुळासकट उपटली, हात हात खोल खणलं आणि रिकाम्या पोत्यांनिशी गेले. ते रान पाहून मी पोट धरधरून हसले. अक्का हसली नाही. मूठभर माती उचलून ती बोटांनी चुरत राहिली.

ज्येष्ठात तिने मला बोलावलं. परसातल्या सत्तावीसांचे आता साठ झाले होते. टोपली डोक्यावर घेऊन ती नाल्यापलीकडे निघाली, त्याच खणलेल्या रानात. सवयीने मी वही काढली. तिने नुसतं पाहिलं. वही पिशवीत गेली. दिवसभर आम्ही डोळे पुरले.

"अक्का, ते इथे परत आले तर?"

तिने टाचेने माती दाबली. "आते आठे कोणी येवाव नही. त्यास्नी सोता खंदीसन देखं शे."