शिवणबाईंच्या पापणीची घडी

एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करायची आहे. वाचकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवावा, चष्मे पुसावेत आणि शक्य असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हाक मारावी. आमच्या नगर जिल्ह्यात आजवर धाडसी माणसं पुष्कळ होऊन गेली. पण स्वतःच्या पापणीवर शिंप्याच्या खडूने रेघ ओढून, डोळ्यांच्या डॉक्टरांना "इथे कापा, आणि कोपऱ्यात जरा सैल सोडा" असं बजावणारी व्यक्ती एकच झाली. त्या म्हणजे आमच्या मुलींच्या शाळेतल्या शिवणबाई.

एकोणीसशे सत्तर उलटून एकदोन वर्षं झाली होती. मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचो आणि बाई शिवण. बाईंना सगळं जग म्हणजे कुणीतरी घाईघाईत शिवलेला कपडा वाटायचा, आणि तो उसवून नीट करायची जबाबदारी आपल्यावर आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. एकदा श्रीगोंद्याला शाळेची सहल निघाली असताना त्यांनी चालत्या एसटीत कंडक्टरला आपल्यासमोर उभं केलं आणि त्याचा खिसा जागच्या जागी उसवून पुन्हा शिवला. तो बिचारा अंग चोरून "बाई, तिकिटं राहिली," म्हणत होता आणि बाई म्हणत होत्या, "तिकिटं पळून जात नाहीत. खिसा मात्र चाललाय." खिसा होईपर्यंत गाडीत कुणाला तिकीट मिळालं नाही आणि कुणी तक्रारही केली नाही. तेवढी कुणाची हिंमत नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे नमुना. मुलींना त्या आधी चिंधीवर नमुना करायला लावायच्या, मगच कापडाला कात्री. हे वर्गापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण बाई चपला घ्यायला कापडबाजारात गेल्या की आधी फक्त उजव्या पायात नवी चप्पल घालून बाजाराला एक पूर्ण फेरी मारून यायच्या. डावी दुकानात थांबायची. घराला रंग द्यायचा म्हणून त्यांनी एकच भिंत रंगवली आणि "बघू, दोन वर्षांत कशी वागते ते," म्हणून बाकीच्या तीन तशाच ठेवल्या.

आता डोळ्यांकडे वळतो. बाईंच्या पापण्यांना घडी नव्हती. तुमच्याआमच्या वरच्या पापणीला उघडताना एक दुमड पडते, तशी त्यांच्या पापणीला पडायची नाही. पडदा सोडावा तशी पापणी सरळ खाली यायची. त्यांच्या आईचे डोळे तसेच होते म्हणे. त्यामुळे बाई कायम पेंगुळलेल्या दिसायच्या. दिसायच्या म्हणतो, कारण त्यांच्याइतकं जागं माणूस मी पाहिलेलं नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलीचा टाका वाकडा गेला की पहिल्या बाकापाशी उभ्या असलेल्या बाईंना ते कळायचं. तरी तपासनीस साहेबांनी शेरेबुकात "शिक्षिका तासाला निद्रिस्त वाटल्या" असं लिहून ठेवलं. बाईंनी ते वाचलं आणि साहेबांना म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कोटाचं तिसरं काज चौथ्यापेक्षा सूतभर खाली आहे. हे मी झोपेत पाहिलं."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या दिवशी घरी जाताना मला म्हणाल्या, "मास्तर, चाळीस वर्षं लोक मला विचारतायत, झोप आली का? मला एकदाही आलेली नव्हती हो."

पुढे चाळिशीचा चष्मा लावायला म्हणून त्या एका वृद्ध डॉक्टरांकडे गेल्या. हे डॉक्टर अर्धं आयुष्य सिंगापूरला नोकरी करून आपल्या गावी परतले होते. त्यांनी बाईंचे डोळे पाहिले आणि सहज बोलून गेले, "तिकडे अशा पापण्या घरोघर. पोरी सर्रास घडी घालून घेतात." हे वाक्य त्यांनी आमच्या बाईंसमोर बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी बाई मलमलचा तुकडा, सुई, दोरा आणि मला घेऊन दवाखान्यात हजर. मला कशाला, तर चित्र काढायला. "घडी कशी घालतात ते या तुकड्यावर करून दाखवा," म्हणाल्या.

डॉक्टर भले गृहस्थ. मोतीबिंदूचे चार पेशंट बाकावर बसवून ते बिचारे मलमल शिवत बसले. त्यांनी सांगितलं ते असं: पापणी उचलणारा एक स्नायू आत असतो. त्याचे तंतू कातडीला धरून असले की कातडी आत ओढली जाते आणि घडी पडते. धरून नसले तर पडत नाही. तेव्हा ती पकड आपण करून द्यायची. त्याच्या दोन रीती. पहिलीत कापाकापी नाही. आतून तीन ठिकाणी बारीक धागा घालून कातडी स्नायूशी बांधायची. सूज लवकर ओसरते, पण काही वर्षांनी धागा सैल पडून घडी मिटू शकते.

"म्हणजे कच्चा धावदोरा," बाई म्हणाल्या. "पुढची सांगा."

दुसऱ्या रीतीत पापणीवर आडवी चीर देऊन, जास्तीची कातडी आणि थोडी चरबी काढून, कडा आतल्या पडद्याला शिवून टाकायच्या. पाचव्या दिवशी टाके निघतात, सूज मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते, आणि व्रण घडीत लपतो. ही घडी कायमची. पण रेघ वर गेली तर माणूस जन्मभर दचकल्यासारखं दिसतं, आणि कातडी जास्त कापली गेली तर डोळा नीट मिटत नाही.

"हीच करायची. सुटणारी शिवण मी आयुष्यात घातलेली नाही. रेघ किती वर?"

"आठ मिलिमीटर."

बाईंनी गळ्यातली टेप डोळ्याला लावली. "म्हणजे अडीच सूत. फार होतं. मला नटी व्हायचं नाही. दोन सूत पुरे."

"बाई, मी डॉक्टर आहे."

"कात्री तुमचीच राहील डॉक्टर. बेत माझा."

मग मी त्यांच्या चेहऱ्याची तीन चित्रं काढली, दीड सुताचं, दोन सुताचं आणि अडीच सुताचं. ती शिवणाच्या वर्गात टांगली गेली आणि गावात बोभाटा झाला. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोलावून घेतलं. "अहो, या वयात? आता तुम्हाला कोण बघायला येणार आहे?"

"मी येते की रोज सकाळी, आरशात," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांत दुसरं कुणी आलेलं नाही."

बाई ख्रिस्ती. त्यांच्या मंडळीचे पाळकसाहेब समजूत घालायला घरी आले आणि देवाच्या हातच्या कामात माणसाने ढवळाढवळ करू नये असं प्रेमाने म्हणाले. बाईंनी त्यांना चहा दिला, खारी दिली, आणि खारी मोडेपर्यंत वाट पाहून विचारलं, "साहेब, समोरचे दोन दात कुणाच्या हातचे?" पाळकसाहेब खारी चहात बुडवून खाऊन गेले.

या सगळ्यांना बाई पुरून उरल्या. पुरल्या नाहीत त्या एकाच माणसाला. शेवगावला त्यांचा धाकटा भाऊ शेती करायचा. आई गेली तेव्हा तो रांगत होता. बाईंनीच त्याला वाढवला, शिकवला, त्याचं लग्न लावून दिलं, आणि हे होईपर्यंत स्वतःच्या लग्नाचं वय निघून गेलं. दर नाताळच्या आदल्या दिवशी तो नगरला येऊन बहिणीला घरी घेऊन जायचा. बाईंचं सगळं वर्ष त्या एका दिवसाकडे तोंड करून बसलेलं असायचं. त्या भावाचं पत्र आलं. चारच ओळी. "आक्का, तुझं तोंड आईचं हाय. त्याला सुरी लावलीस तर मी पुन्यांदा तुझ्या तोंडाकडं बगनार न्हाई."

बाईंनी ते पत्र शिवणयंत्राच्या खणात ठेवलं. दोन दिवस यंत्र वाजलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "त्याला मी कधी विचारून वाढवला नव्हता. चला, दिवाळीच्या सुट्टीची वेळ घेऊन येऊ."

फक्त एका डोळ्याची वेळ घेतली. होय. आधी नमुना! डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "बाई, दोन्ही एकदम केले की जुळतात. एक आज, एक पुढच्या वर्षी, असं कुणी करत नाही." पण आधी एका बाहीचा नमुना केल्याशिवाय झंपर शिवायचा नाही हा ज्यांचा धर्म, त्यांच्यापुढे सिंगापूर काय करणार?

कापताना डोळ्याभोवती बधिर केलेलं असतं, पेशंट जागा असतो. घडी नीट पडते का ते बघायला त्याला मध्येच डोळे उघडायला सांगतात. मी बाहेर बाकावर बसून दाराच्या फटीतून ऐकत होतो. डॉक्टर म्हणाले, "उघडा." बाईंनी डोळा उघडला आणि म्हणाल्या, "आरसा." मग, "नाकाकडचा टाका ओढला गेलाय. उसवा."

"बाई!"

"उसवा म्हणते ना."

डॉक्टरांनी उसवला. पुढे कितीतरी दिवसांनी ते मला खाजगीत म्हणाले, "टाका खरंच ओढला गेला होता हो."

पहिला आठवडा तो डोळा जांभळासारखा फुगला होता. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. बाईंनी तो वर्गातल्या झंपर घातलेल्या लाकडी पुतळीच्या नाकावर चढवला आणि स्वतः उघड्या डोळ्याने कापडबाजारातून, तेही रस्त्याच्या मधोमध हिंडू लागल्या. एक बांगडीवाली कळवळून म्हणाली, "अगं बया, कुणी मारलं गं बाई?" बाई म्हणाल्या, "मारलं नाही, शिवून घेतलंय. बघायचंय? जवळ ये."

सूज ओसरली आणि घडी बसली. सुरेख, बरोबर दोन सूत. आता बाईंचा उजवा डोळा टक्क जागा आणि डावा दुपारच्या विश्रांतीला गेलेला. मुली पाठीमागे हसायच्या, पण उजव्या बाजूला बसायला घाबरायच्या.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुसरा डोळाही पुढे मे महिन्यात झाला, आणि डॉक्टरांचं भय खोटं ठरून पहिल्याशी तंतोतंत जुळला. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी भेटल्या की त्यांच्या काजांची, हेमची आठवण काढतात. मला मात्र त्या आठवतात त्या चोवीस डिसेंबरच्या सकाळी, एकाच घडीच्या.

मी त्यांचा फराळाचा डबा परत द्यायला गेलो होतो. खोलीत ट्रंक भरून तयार. वर भाचरांचे नवे फ्रॉक, सदरे. बाई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो जात नव्हता.

"भावाची वाट बघताय?"

"छे. ट्रंक हवेला काढलीय."

तेवढ्यात दारात एक माणूस आला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. टोपी, धोतर, हातात पिशवी. सगळं मागच्या बाजूने.

"आक्का हाय का घरात?" तो रस्त्याला विचारता झाला.

"हाय," बाई म्हणाल्या. भावाशी बोलताना त्यांची शाळेची भाषा गळून पडायची. "माझं तोंड बगनार नव्हतास ना?"

"मग बगतोय का? पोरांनी सकाळपासून लई पिडलंय. साडेदहाची यष्टी हाय. मास्तर, ट्रंक द्या हिकडं." त्याने पाठीमागे हात पसरला.

मी ट्रंक उचलली. बाईंनी ती माझ्या हातातून काढून खाली ठेवली आणि स्वतः तिच्यावर बसल्या.

"तुझ्या पाठीमागनं मी शेवगावला येनार न्हाई. मी चोरी केली न्हाई का कुनाचं वाईट केलं न्हाई. माझं तोंड हाय, मी शिवलंय. बगायचं आसंल तर नीट बग. न्हाई तर यष्टी गाठ, पोरांचे कपडे मास्तर पोस्टानं धाडतील."

दारातल्या पाठीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बाईंनी दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मी डबा हातात धरून उभा होतो. मला धड आत जाता येईना आणि धड बाहेर पडता येईना.

मग तो वळला. टोपी काढली. दोन पावलं आत आला, वाकला, आणि बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. इतका वेळ तिच्याकडे कुणी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्याने उजवा डोळा पाहिला, डावा पाहिला, परत उजवा पाहिला. मागे सरून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. बाई दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून बसल्या होत्या. आणि तो अगदी खऱ्याखुऱ्या गोंधळाने म्हणाला,

"आक्का, आगं पन... ह्यातला कंचा?"