बिरादार सरांची भरली सफरचंदं

श्रीशैल बिरादार सरांनी उदगीरच्या एका शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्या चौतीस वर्षांत घरातला गॅस एकदाही पेटवला नाही. शाळेतला बर्नर रोज पेटवायचे, ती गोष्ट वेगळी. ज्वलनाला काय काय लागतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण चहाला काय काय लागतं, असं विचारलं तर त्यांचं उत्तर एकच होतं, "सिंधु लागते."

निवृत्त झाल्यावर दोघं लातूरला औसा रोडच्या मागं बांधलेल्या घरात राहायला आले, आणि सिंधुताईंच्या स्वयंपाकघरावर संकट कोसळलं. घरात बसलेला शिक्षक म्हणजे तासच न संपणारी शाळा. पहिल्या महिन्यात सरांनी सगळे डबे वर्णानुक्रमानं लावले. सिंधुताईंना तीन दिवस हळद सापडली नाही. दुसऱ्या महिन्यात त्यांनी कुकरच्या शिट्ट्या मोजून भिंतीवर तक्ता लावला. तिसऱ्या महिन्यात सिंधुताईंनी त्यांना फिरायला पाठवायला सुरुवात केली, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

सकाळच्या फिरण्यातच सगळं रामायण झालं. बागेत सरांच्या वयाची सात-आठ मंडळी जमायची. त्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले व्यंकटराव पवळे म्हणजे मोठं प्रस्थ. आवाज कालवा फुटल्यासारखा. एका सकाळी ते सगळ्यांना सांगत होते, "काल म्या सोता थालीपीठ लावलं. बायको बघतच राहिली!"

"आम्हीबी खिचडी टाकतो कधीमधी," शेजारचे अनंतराव म्हणाले.

मग सगळे सरांकडं बघायला लागले. व्यंकटराव म्हणाले, "बिरादार सरांचं काय हाय, त्यांना पाण्याचं सूत्र येतंय, पण पाणी तापवता येत न्हाई."

मंडळी खदखदून हसली. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चौतीस वर्षांत एकाही पोरानं तोंडावर असं म्हणायची हिंमत केली नव्हती.

"दसऱ्याला सोनं द्यायला सगळे माझ्याकडं या," सर म्हणाले. "माझ्या हातचं गोड खाऊनच जायचं."

"काय गोड?"

सरांनी इकडं तिकडं पाहिलं. बागेच्या फाटकाशी मलप्पाचा फळांचा गाडा उभा होता. त्यावर नव्या हंगामाची लालबुंद सफरचंदं रचलेली.

"सफरचंद," सर म्हणाले. "भरलेलं."

"वांगं भरत असतेत, सर."

"वांगं सगळेच भरतेत," असं म्हणून सर तडक निघाले. आपण काय बोलून बसलो हे त्यांना घरच्या फाटकापाशी पोचल्यावर कळलं.

घरात एक एअर फ्रायर होता. मुलगी पुनम हैदराबादला नोकरीला; तिनं गेल्या दिवाळीला पाठवलेला. सिंधुताईंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता आणि आत उडदाचे पापड ठेवले होते, कारण त्याचं दार घट्ट बसतं आणि मुंग्या जात नाहीत. सरांनी पापड बाहेर काढले, माहितीपुस्तिका शोधली आणि दोन दिवस ती वाचली. तिच्यातल्या हिंदी भाषांतराच्या सात चुकाही लाल पेनानं दुरुस्त केल्या.

घट बसले त्या दिवशी प्रयोगाला सुरुवात झाली. सरांनी नवीन वही घेतली, समास आखला आणि लिहिलं: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.

सिंधुताईंना नऊ दिवसांचा उपास. त्या बाहेरच्या खोलीत पोथी वाचत होत्या. सरांनी पहिलं सफरचंद अख्खंच, न चिरता, न टोचता, दोनशे अंशांवर ठेवलं. आधी मूळ पदार्थ समजून घ्यावा, मग त्यात भर घालावी, असा त्यांचा विचार. पंचविसाव्या मिनिटाला आतून 'फट्' असा आवाज आला. सिंधुताई पोथी घेऊनच धावत आल्या.

"काय फुटलं?"

"वाफेला जायला जागा नव्हती," सर शांतपणे लिहीत म्हणाले. "अपेक्षितच होतं."

"अपेक्षित होतं तर मग कामून ठेवलात?"

या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी सफरचंदाचा गाभा काढला. त्यासाठी बटाटे सोलायचं सोलणं घेतलं आणि इतक्या जिद्दीनं फिरवलं की भोक आरपार गेलं. त्यातून सर एका डोळ्यानं खिडकीबाहेर बघू शकत होते, आणि त्यांनी बघितलंही. आत गूळ भरला. गूळ पाच मिनिटांत वितळला, खालून गळाला आणि जळला. धूर एवढा झाला की समोरच्या घरातून "बिरादार काकू, काही लागलं का हो?" अशी हाक आली.

"न्हाई गं," सिंधुताई खिडकीतून ओरडल्या, "सर स्वयंपाक करायलेत!"

"अगं बाई," पलीकडून आवाज आला, आणि खिडकी लागली.

तिसऱ्या दिवशी भोक अर्ध्यावरच थांबवलं. आत गूळ, वर खोबऱ्याचा कीस, त्यावर सफरचंदाचीच वरची चकती टोपीसारखी ठेवली. मशीन सुरू झाल्याबरोबर आतल्या पंख्याच्या वाऱ्यानं टोपी उडाली. मागोमाग कीस उडाला आणि वरच्या तापलेल्या तारेला जाऊन चिकटला. पुन्हा धूर. सर हताश होऊन स्टुलावर बसले. त्यांच्या भुवईला खोबरं लागलं होतं.

सिंधुताई दारात उभ्या राहून बघत होत्या. तीन दिवस त्यांनी हसू दाबलं होतं. आता मात्र नवऱ्याची ती भुवई बघून त्यांना दया आली.

"विड्याचं पान सुटू नये म्हणून काय करतेत?" त्यांनी विचारलं.

"लवंग खोचतात."

"मग?"

सर ताडकन उठले. त्यांनी लवंगेचा डबा शोधला. वर्णानुक्रमानं लावल्यामुळं तो लगेच सापडला, हे त्यांनी मुद्दाम बोलून दाखवलं. दोन लवंगा टोपीतून आरपार खोचल्या. टोपी हलली नाही.

सारण काय भरावं यावर दोघांचा अर्धा दिवस वाद झाला. पुनमनं फोनवर मनुका, अक्रोड आणि दालचिनी सांगितली. सरांना ते पटेना. त्यांची आई बीदरकडची. तिच्या हातच्या शेंगापोळ्या त्यांनी लहानपणी पोट दुखेपर्यंत खाल्ल्या होत्या, आणि आई कानडीत "साकु, साकु," म्हणजे पुरे पुरे, म्हणत ताट ओढून घ्यायची. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, गूळ, तीळ, विलायची. तेच सारण भरायचं ठरलं. सिंधुताईंनी त्यात दोन चमचे तूप घातलं आणि बजावलं, "गूळ बेतानंच. जास्त झाला तर पाक होऊन दगड बनंल."

सातव्या माळेला पहिलं धड सफरचंद बाहेर आलं. साल सुरकुतलेली, आतून मऊ, वरून सारण खमंग, आणि सगळ्या घरभर वास. सिंधुताईंनी वासच घेतला, कारण शेंगदाणा उपासाला चालतो की नाही यावर त्यांच्या माहेरचं आणि सासरचं कधी एकमत झालं नव्हतं. सरांनी ते एकट्यानं खाल्लं आणि बोटं चाटली. मग वही उघडली आणि 'अनुमान' या रकान्यात लिहिलं, "आई."

नवमीला घरातल्या यंत्रांची पूजा. सिंधुताईंनी शिलाई मशीन, मिक्सर आणि विळी मांडली. सरांनी एअर फ्रायर आणून मधोमध ठेवला, सगळ्यांत मोठा झेंडूचा हार त्यालाच घातला आणि त्याच्या काचेवर कुंकवाची पाच बोटं ओढली. त्यामुळं किती मिनिटं राहिली हा आकडा दिसेनासा झाला आणि दसऱ्याला सगळं अंदाजानंच करावं लागलं.

दसऱ्याला आठ पाहुणे येणार होते. मशीनमध्ये एका वेळी तीनच सफरचंदं मावायची. सरांनी शाळेसारखं वेळापत्रक केलं: पहिली तुकडी तीन वाजता, दुसरी साडेतीनला, तिसरी चारला. दुसऱ्या तुकडीच्या वेळी वीज गेली. इन्व्हर्टर दोन सेकंद किंचाळला आणि बंद पडला. सर घामाघूम होऊन वर्तमानपत्रानं मशीनला वारा घालू लागले. तापलेल्या वस्तूला वारा घातला की ती थंड होते, हे त्यांनीच आठवीच्या पंधरा-वीस तुकड्यांना शिकवलं होतं. पण त्या क्षणी त्यांना कशाचीच शुद्ध नव्हती. दहा मिनिटांनी वीज आली.

त्या गडबडीतच त्यांना वाटलं, की दुसरी तुकडी जरा फिकी पडेल. सिंधुताई बाहेर रांगोळी नीट करत होत्या. सरांनी हळूच प्रत्येक सफरचंदाची टोपी उचलली, आत गुळाचा एकेक मोठा खडा दाबला आणि टोपी परत लावली.

पाच वाजता मंडळी आली. आपट्याची पानं देऊन झाली, गळाभेटी झाल्या. मग सरांनी वाट्या आणल्या. सुरकुतलेली, बसकी, तपकिरी सफरचंदं, डोक्यावर टोपी, टोपीत दोन लवंगा. मंडळींनी वाट्या फिरवून फिरवून बघितल्या.

"सर," शेवटी अनंतराव म्हणाले, "हे आजारी हाय का?"

व्यंकटराव मोठ्यानं हसले, आणि आपण पुढारी आहोत हे दाखवायला त्यांनी सगळ्यांत आधी वाटी उचलली. चमचा बाजूला सारला. "सफरचंद चमच्यानं खातेत का कुठं?" म्हणत ते दोन्ही हातांत धरलं आणि कचकन चावा घेतला.

त्यांच्या वाट्याला दुसऱ्या तुकडीतलं आलं होतं.

चावा घेतला तो घेतलाच. व्यंकटरावांचे डोळे मोठे झाले. त्यांनी सफरचंद मागं ओढलं, मान पुढं नेली, परत ओढलं. मग 'चप्प' असा आवाज झाला, सफरचंद सुटलं, आणि त्याच्यासोबत व्यंकटरावांचे वरचे सगळे दातही. गुळाचा खडा वितळून, परत घट्ट होऊन चिक्कीसारखा बनला होता आणि त्यात कवळी अशी रुतली होती, जणू सफरचंदच हसत होतं.

व्यंकटराव बारा वर्षं कवळी वापरत होते, आणि बागेतल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

"थल," व्यंकटराव हळू आवाजात म्हणाले, "माधे दात तुमच्या थफलचंदात लाहिले."

सिंधुताईंनी सरांकडं पाहिलं. "गूळ घातलात ना वरून?"

सरांनी मान खाली घातली. चौतीस वर्षं पोरं जशी त्यांच्यापुढं उभी राहायची, अगदी तसेच ते उभे राहिले. मग वाटी घेऊन आत पळाले आणि कवळी कोमट पाण्यात ठेवली. "गूळ विरघळायला वीस मिनिटं," ते बाहेर येऊन म्हणाले. "घासू नये. आपोआप सुटेल."

वीस मिनिटं काय करायचं? व्यंकटराव तोंडावर रुमाल धरून भिंतीकडं बघत बसले होते. इतका मोठा माणूस एवढासा झालेला बघून सिंधुताईंना राहवेना. त्यांनी तिसऱ्या तुकडीतलं एक सफरचंद घेतलं, टोपी काढली, चमच्यानं मऊ गर आणि सारण कालवलं आणि वाटी त्यांच्यापुढं धरली.

"याला दात लागत न्हाईत, भाऊजी. खाऊन तर बघा."

व्यंकटरावांनी रुमालाआडून एक चमचा घेतला. मग दुसरा घेतला. तिसऱ्या चमच्याला त्यांनी रुमाल मांडीवर ठेवला.

"बाला वर्थांनी," ते म्हणाले, "थफलचंद खायलो."

पुढचं जे झालं ते सरांच्या कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं. अनंतराव थोडं घुटमळले, पाठ वळवली, तोंडाशी हात नेला आणि आपली खालची कवळी हातरुमालात गुंडाळून खिशात टाकली. "आता काय लपवायचं," ते पुटपुटले. कोपऱ्यातल्या आणखी एकानं तेच केलं. आठातले पाच निघाले! कालवून घेतलेली सफरचंदंसुद्धा पुरेनात. सरांना चौथी तुकडी लावावी लागली आणि ती होईपर्यंत सगळी मंडळी ओठ आत ओढून, मोठमोठ्यानं, एकमेकांचं निम्मंच समजत गप्पा मारत राहिली. इतकं हसू त्या बागेतही कधी झालं नव्हतं.

त्यानंतर दर शनिवारी मंडळी सरांकडं जमू लागली. मलप्पा आता गाड्यावरची थोडी मऊ पडलेली सफरचंदं वेगळी काढून ठेवतो आणि पिशवी देताना विचारतो, "सर, एवढ्याचं काय करायलात तुम्ही?" सर सांगतात, "समाजकार्य."

परवा सिंधुताई बहिणीकडं मुरुडला चार दिवस राहून आल्या. दुपारची वेळ, दार उघडंच. स्वयंपाकघरात व्यंकटराव शेंगदाणे कुटत होते, अनंतराव लवंगा निवडत होते, आणि सर कमरेला टॉवेल खोचून मशीनसमोर वाकले होते. आपण आलो हे कुणाला कळलंच नाही, असं बघून त्या पिशवी ठेवून उंबऱ्यात बसल्या.

"एखादं मिळंल का मला?" त्यांनी विचारलं.

व्यंकटरावांनी मान न वळवता, खलबत्त्यातला हात न थांबवता सांगितलं, "मिळंल की. पण नंबर लावा वैनी, तुमच्या आधी दोघं हायत."